डिव्हिडंडच्या शीटवर आज काय दिसेल

अहो,

ही चिठ्ठी चहापत्तीच्या डब्यात सापडली, म्हणजे हिंगोलीचे पाहुणे येऊन बसले अन् चहा ठेवायची पाळी तुमच्यावर आली. साखर बेतानं घाला, गंगाधर मास्तरांना शुगर आहे. मी जीपनं पुसेगावला आईकडं जाऊन राहिले.

मागच्या रविवारी मास्तरांनी विचारलं, "कंपनीचं नाव टाकलं की यंदा किती डिव्हिडंड येईल ते आपोआप दिसतं, हा फॉर्म्युला कोणी बसवला?" तुमी छाती ठोकली. वर माझ्याकडं बघून म्हणालात, "हिला काय समजतं? ही चहा बराबर करते." सगळे हसले. तो फॉर्म्युला ज्या यादीतून आकडा शोधतो, ती कंपन्यांची यादी सहा महिने मी भरली. जातं ओढलं मी, अन् पीठ निघालं तुमच्या नावाचं.

फॉर्म्युला तिथंच आहे, मोडला न्हाई. यादीचं पान तेवढं कॉम्प्युटरमधून काढून पेनड्राइव्हमधी माझ्यासंगं नेलं. नाव सापडलं न्हाई तर शीटनं काय दाखवायचं, ते आपल्याला लिहून ठेवता येतं. तुमाला ते ठाऊक नसंल. आता कोणत्याबी कंपनीचं नाव टाका, पाहुण्यांसमोर एकच उत्तर येईल: "चहा करणारीला विचारा."

प्रणिता