"मिळाला"

मंगळवार, संध्याकाळ

आमच्या दूध संघाचे साहेब! दारात कुणीही अर्ज घेऊन आलं की न वाचताच "होऊन जाईल." मी सांभाळते त्या सॉफ्टवेअरलाही त्यांनी तेच वळण लावलं. गावातल्या दूध केंद्रावरून गुरांच्या डॉक्टरसाठी मेसेज आला की आधी "मिळाला" असं उत्तर जायचं, तपासणी मागून. जनावराच्या कानातल्या बिल्ल्याचा नंबर चुकला असेल तर मेसेज गुपचूप बाद. डॉक्टरपर्यंत जातच नाही. पण "मिळाला" गेलेलं असतंच!

आज धारूरकडचा एकजण आला. म्हैस मेली त्याची. "काल सकाळीच केंद्रातून मेसेज केलता. मिळाला म्हणून आलं, म्हून वाट बघत बसलो. न्हाईतर दुसरा डॉक्टर आणला नसता का?"

साहेब म्हणाले, "लक्ष घालतो."

कशात? मेलेल्या म्हशीत? लाज म्हणून न्हाईच या माणसाला.

तो गेल्यावर मी सेटिंग बदललं. आता डॉक्टरनं काम घेतल्यावरच "मिळाला" जाईल, बाद झाला तर बाद झाला असंच कळेल. साहेबांना पत्ता लागला. लई तडकले. "लोकं इथं येऊन बोंबलतील. आत्ताच्या आत्ता पहिल्यासारखं कर."

"होऊन जाईल, साहेब," म्हटलं, आणि लॅपटॉप मिटून सरळ घरी आले.