बोक्याच्या नावावर चार पंप

३ मार्च
आली! ज्या प्लांटने अकरा वर्षांपूर्वी मला कंट्रोल रूममधून उचलून गोदामात टाकलं, तिथली नवी इंजिनिअरबाई आज आपण होऊन घरी आली. "काका, कुठलं यंत्र कुठल्या कन्सोलचं, हे नीट ठाऊक असलेले तुम्हीच उरलात."

कंट्रोल रूममध्ये चार कन्सोल, म्हणजे पडदे लावलेली टेबलं; चार माणसं. प्रत्येक यंत्र कोणाच्या तरी नावावर टाकायचं. मग संगणक मोजणार — कोणाच्या पडद्यावर किती अलार्म वाजतात.

आणि दोन नंबरवर अजून तोच मिशाळ बसतो, ज्याला मी बोका म्हणतो!

५ मार्च
यंत्रांची यादी अकराशे ओळींची. मोठ्याने वाचली की शाळेतल्या कवितेसारखी चाल लागते. गुरुजी टेबलावर ताल धरायचे, आम्ही चाळीस पोरं एका सुरात... कुठे गेले ते दिवस!

बॉयलर जळाला त्या सकाळचं मात्र काही धूसर होत नाही. चौकशीत बोका म्हणाला, "पाणी कमी झाल्याचा अलार्म यांच्याच कन्सोलवर वाजला. मी ऐकला." वाजला नव्हता! एका वाक्यात माझी खुर्ची गेली. मिशीतल्या मिशीत हसलाही असेल.

८ मार्च
केलं. पाच, सहा, नऊ, अकरा — हे चार म्हातारे पंप दिवसभर उगाच कोकलतात. आहेत एक नंबरचे. टाकले दोनवर!

पंप पाच, पंप सहा,
बोक्या, आता मजा पहा!

हिला वाचून दाखवलं. म्हणाली, "अहो, एवढी वर्षं राग पोसलात, त्यापेक्षा शेळी पोसली असती तर दूध तरी मिळालं असतं."

हिला कविता कळत नाही.

१४ मार्च
प्लांटच्या फाटकापाशी बोक्याने गाठलं. मिशा पांढऱ्या झाल्यात. "भाऊ, पाच-सहा माझे कसे झाले हो?"
"यादी बघ."
"तुम्ही केलीय ना? मग बरोबरच असणार."
मेला! भांडला असता तर बरं वाटलं असतं.

२२ मार्च
अहवालाची बैठक. मुद्दाम पुढे बसलो. पडद्यावरच्या अलार्मच्या आलेखात बोक्याचा खांब लालभडक, छताला टेकलेला. आता झाडणार त्याला!

इंजिनिअरबाई म्हणाली, "एका माणसावर एवढे अलार्म? हा छळ आहे." मोठ्या साहेबांनी बोक्याला एक मदतनीस दिला. वर त्याची माफी मागितली! हात दाखवून अवलक्षण.

बाहेर बाईंना विचारलं, "पण एखादा अलार्म चुकला, तर दोष त्याचाच ना?"
"काका, माणूस दहा मिनिटांत एखाद-दुसराच अलार्म नीट पाहू शकतो. बाकीचे कानावर पडतात, डोक्यात शिरत नाहीत."

२३ मार्च
तिचं वाक्य पाठ सोडत नाही. बॉयलर जळाला त्या दिवशीची, अलार्म छापणाऱ्या प्रिंटरची गुंडाळी दफ्तरातून काढायला सांगितली.

२४ मार्च
गुंडाळी उलगडली. त्या सकाळी, एका तासात, माझ्या कन्सोलवर चारशे एकोणीस अलार्म. दोनशे साठावा — पाण्याचा.
बोका खोटं बोलला नव्हता. मीही नाही.
बाईंकडे यादी परत मागितली, चार पंप एक नंबरवर न्यायला. का, म्हणाली. सांगितलं.