गोळी घरात, मी कुर्माघरात

मंगळवार, संध्याकाळ

पुन्हा डाग दिसला म्हणून काल कुर्माघरात आले, पाळीत बायकांनी वेगळं राहायच्या झोपडीत; इथे पुरुष फिरकत नाहीत. आईची शिकवणच तशी. पण मूल लांबवायच्या गोळ्या घरात राहिल्या, कालची चुकली.

नर्सबाईंनी दारातूनच नवं पाकीट दिलं. "या गोळीनं मधेमधे डाग दिसतेच पोरी, ते पाळी नोहे. गोळी पिशवीच्या तोंडाचं चिकट पाणी घट्ट करते, मंग पुरुषाचं बीज आत जात नाई. उशीर झाला का पाणी पातळ. आता लगेच घे, अन् दोन दिवस नवऱ्याले दूर ठेव."

"तो इथी येतच नाई, बाई."

दोघी हसलो. पण डाग पाळीचा नाही, तर मी इथे का? आणि घरी गेले तर त्याला दूर कसं ठेवू? बाळ अजून अंगावर पितं, इतक्यात दुसरं नको.

पाकीट पदराला बांधलंय. डाग पाळीचा नाही, हे कुणाला सांगणार नाही. दोन दिवस इथेच राहते.