आण्णांच्या पोटाचं चित्र

सोलापूर, ९ जानेवारी १९३४

तीर्थस्वरूप दाक्षायणीअक्का यांस धाकट्या रेवणसिद्धाचा शरणार्थ.

तुझा गुडघा कसा आहे? भाऊजींचा खोकला? म्हैस व्याली का? (रेडा झाला असेल तर कळवू नकोस. चांगल्या बातम्यांचा इथं तुटवडा आहे.)

आपल्या आण्णांचं पोट दिवाळीपासून दुखतंय, चार घासांत भरतंय, हे तुला ठाऊकच. अखेर दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पोट उघडलं, जठराचा बारीक तुकडा घेतला आणि पुन्हा शिवून टाकलं. तो तुकडा मेणात घालून, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ कापून, रंगवून काचेवर ठेवला. तिथं फोटोची सोय नाही. मी शाळेत चित्रकला शिकवतो हे कळल्यावर डॉक्टरांनी मला सूक्ष्मदर्शकापुढं बसवलं. अर्धा तास खपून मी काळ्या, बाकदार रेषा काढल्या. डॉक्टर बघून म्हणाले, "मास्तर, सुरेख! पण या तुमच्या पापण्या आहेत."

मग नजर बसली. आधी त्यांनी कुणा दुसऱ्या रोग्याच्या गाठीची काच दाखवली. तिच्यात पेशी वेड्यावाकड्या का होईना, पण विहिरीच्या काठासारखा गोल फेर धरून होत्या. असली गाठ एका जागी राहते, वेळेत सापडली तर कापता येते. आण्णांच्या काचेत मात्र एकेक पेशी सुटी, बुळबुळीत द्रवानं फुगलेली, तिचा गाभा कडेला दाबलेला, हुबेहूब खड्याची अंगठी. या पेशी जठराच्या भिंतीत पांगत जातात, भिंत पखालीच्या कातड्यासारखी ताठ होते. "कुठवर कापायचं, तेच कळत नाही," डॉक्टर हळूच म्हणाले. अक्का, मी सगळ्या अंगठ्या काढल्या. घरी येऊन मात्र भिंतीकडं तोंड करून बसलो.

आण्णांनी चित्र मागून घेतलं. (चित्रांनी पोट भरतं का, असं या पोराला जन्मभर विचारणारे आण्णा!) बराच वेळ बघत राहिले. "हे माज्या पोटात हाय व्हय रं?" म्हणाले. "लई नीट काडलास की." शाबासकी मिळाली, अक्का, ती अशी.

काळजी नसावी. तू धावतपळत येऊ नकोस.

तुझा,
रेवणसिद्ध

ता. क. – कालपासून दोन चमचे आंबिलीवर आहेत. ये.

ता. क. दुसरा – संक्रांतीतल्या गड्ड्याच्या जत्रेला आले, असं आण्णांना सांग. तुला बोलवू का विचारलं तर खेकसले, "तिला संसार न्हाय व्हय?" पण खिडकीखाली टांगा थांबला की उशाची टोपी घेऊन डोक्यावर नीट बसवतात.