हात उसना मिळणार नाही

३ मार्च
घर मला नेमकं केवढ्याला पडलं, ते आधी लिहून ठेवतो: वीस वर्षं रंधा मारून गेलेली पाठ, बायकोच्या बांगड्या आणि मेहुण्याचे जन्मभराचे टोमणे. तरी स्वस्त. इथल्या बाई कविता करायच्या. गेल्या वर्षी वारल्या. त्यांचं शिसवी टेबल खोलीतच राहिलंय. शेजारीण सांगत होती, परगावच्या मैत्रिणीबरोबर त्यांची पत्रातून कविता चालायची. एक ओळ हिची, पुढची तिची. ओळ पाकिटात घालण्याआधी बाई टेबलावर बोटाने ठोके देऊन मात्रा मोजायच्या. मी सुतार, लाकूड मला ठोक्यावरून कळतं. आणि आवाज कुठून येतो हे सांगताना माझे कान आजवर चुकलेले नाहीत.

९ मार्च
टेबलाशी बसून गिऱ्हाइकाच्या दाराचं चित्र काढून न्याहाळत होतो. टेबलातून टकटक. आठ ठोके, आठ, मग सहा. तिथेच अडायचं. कीड म्हणावी, तर किडीला ताल नसतो. बायको म्हणाली, आधी आपला हात स्वस्थ ठेवा. तिला सगळ्यात माझीच चूक दिसते.

१४ मार्च
बाईंच्या नावे मैत्रिणीचं पत्र. आत एक ओळ, खाली लिहिलेलं: शेवटची तुझी. मी उत्तर धाडलं की ताई, तुमची मैत्रीण गेली, घर आता माझं, मी सुतार.

२१ मार्च
ताईंचं उत्तर आलं. गेली हे त्यांना ठाऊक आहे, उशाशी त्याच होत्या. पण ओळ तिने कबूल केलीय आणि ती शब्द मोडणारी नव्हे. हात कुणाचा का असेना. सुताराचाही चालेल.
मी कळवलं, हा हात मी कमावलाय. उसना मिळणार नाही.

२४ मार्च
टकटक थांबत नाही. टेबल फोडलं. शिसवी होतं, जीव तुटला. बंबात घातलं. बायको म्हणते, घर सोडू. सोडतो कसला. बाईंनी सोडावं.

२५ मार्च
टेबल नाही, तरी आठ, आठ, सहा— भिंतीतून? फरशीला कान लावला, तर—

२६ मार्च
उजव्या हाताला रंधा धरवत नाही. पेन मात्र आपणहून— पहिला शब्द उमटला. खोडला. माझा नाही तो.
ओळ देणार नाही, बाई. ऐकताय ना.
बायकोकडून उजवा हात खुर्चीला बांधून घेतलाय. डाव्याने लिहितोय.
बांधला तशी टकटक थांबली.
म्हणजे ती टेबलातून येतच नव्हती. इतके दिवस माझंच बोट—