समोरच्या दाराकडे तोंड केलेली तोफ

हे मृत्युपत्र मी उन्हाळ्यापासून लिहायचं लिहायचं म्हणतोय. आधी पेन नव्हतं. पेन मिळालं तेव्हा मी नेब्रास्कात मक्याच्या कापणीवर होतो, आणि खरं सांगायचं तर मरायचा माझा विचारच नव्हता. आज शेजारच्या ओपलकाकू श्रेडर बारूदाचा डबा मांडीवर घेऊन माझ्या स्वयंपाकघरात बसल्या आहेत. मृत्युपत्रावर सह्या झाल्याशिवाय डबा उघडणार नाही म्हणाल्या. सबब लिहितो.

मी, एमेट थ्रॅशर, वय चोवीस, धंदा मिळेल तो, राहणार ड्राय फोर्क, वायोमिंग, पूर्ण शुद्धीवर असून आणि ओपलकाकू सोडल्यास कोणाच्याही दडपणाखाली नसून, माझ्यामागे माझ्या चीजवस्तूंची व्यवस्था पुढीलप्रमाणे लावतो.

कलम एक. घर. हे ट्रेलरचं घर फर्नमावशीने जाताना माझ्या नावे केलं. का केलं ते तिलाच ठाऊक. शेवटच्या आजारपणात तिचं सगळं माझ्या थोरल्या भावाने, डेल्मरने केलं. मी तेव्हा ओरेगॉनात सफरचंदं तोडत होतो. दफनाच्या दिवशी डेल्मर सगळ्यांसमोर एवढंच म्हणाला, "माझं आहे ते न्यायला येईन मी." डेल्मर तेलाच्या विहिरींवर काम करतो आणि बोलतो तसं करतो. पण मला आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचं दार मिळालंय, आणि ते मी सोडणार नाही. माझ्यामागे घराचं जे काही उरेल ते गावच्या स्वयंसेवी अग्निशमन दलाला द्यावं. ते तसेही येणारच आहेत.

कलम दोन. तोफ. घराच्या रक्षणाला काहीतरी हवं म्हणून मी ब्रुबेकरच्या बंदुकीच्या दुकानात गेलो. पिस्तूल पाहून डेल्मर हसला असता. छऱ्याची बंदूक त्याच्याकडे माझ्याहून चांगली आहे. एका रायफलीने मैलावरचं हरीण पडतं म्हणे, पण माझी बैठकीची खोली मैलभर लांब नाही. शिवाय माझ्या ओळखपत्रावर अजून आयडाहोतल्या एका मोटेलचा पत्ता आहे. (मोटेल चांगलं होतं. तिथल्या मांजरीला पाच बोटं जास्त होती.) शेवटी ब्रुबेकर कंटाळून म्हणाला, तोंडातून ठासायच्या जुन्या तोफेला कागदपत्रं लागत नाहीत. तो चेष्टेत बोलला. मी तिथून थेट ओपलकाकूंच्या कोठारात गेलो.

काकूंचे यजमान दर उन्हाळ्यात जुना गणवेश घालून यादवी युद्धाची लढाई खेळायला जात, आणि दर वेळी हरणाऱ्या बाजूने. ते गेल्यापासून तोफ पडून होती. काकूंचं गवत रचून दिलं, त्या बदल्यात मिळाली.

"ही टेकडी राखायला केलीय, पोरा," काकू म्हणाल्या. "तुझ्याकडे टेकडी आहे का?"

तोफ आत घेताना सोफा अंगणात गेला. तिचं तोंड समोरच्या दाराकडे आहे. वळवता येत नाही, कारण मागे फ्रिज आहे. तोंडातून उंदीर शिरू नयेत म्हणून त्यावर मावशीचा बिडाचा तवा तारेने बांधलाय. काकूंनी सगळं पाहून घेतलं आणि म्हणाल्या, समोरच्या दाराने आपल्याकडे फक्त पोलीस आणि धर्मप्रचारक येतात, तू नक्की कुणावर डागणार आहेस? हा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता, पण सोफा आधीच बाहेर गेला होता.

तोफ ब्रुबेकरला द्यावी. चेष्टा त्याची होती. मात्र ज्याला काही मिळतंय तो साक्षीला नको, असं काकू आत्ता सांगताहेत. दुसरा साक्षीदार म्हणून मी ब्रुबेकरलाच धरलं होतं.

कलम तीन. तंबू, गळ आणि बूट, ज्याला बूट बसतील त्याला. डावा जरा गळतो.

कलम चार. डेल्मर थ्रॅशर याला काहीही नाही. विसरून नव्हे, ठरवून. याने मला पोहायला शिकवतो म्हणून पुलावरून नदीत ढकललं होतं. मग मी वर येईना तेव्हा बुटांसकट स्वतःही उडी मारली, हेही लिही म्हणतात काकू. लिहिलं. काहीही नाही ते नाहीच.

सह्यांसाठी रेघा मारत होतो तोच मागचं जाळीचं दार वाजलं. डेल्मर आलाय. दार न ठोठावता आला, घरचा माणूस येतो तसा. तोफ पाहिली. तिच्या तोंडावरची तार सोडवायला लागला.

"माझं आहे ते न्यायला आलो," म्हणाला. "तवा मावशीने मला दिला होता. गंजवलास ना, गाढवा?"

काकू म्हणाल्या, कलम चार राहिलं तर हा साक्षीदार म्हणून चालतो, खोडलंस तर नाही. मी त्याला विचारलं, साक्षीदार व्हायचंय की वारस?

"आधी अंडी आहेत का ते सांग," डेल्मर म्हणाला. तवा मिठाने घासतोय.

ठिकाण: ड्राय फोर्क. रविवार, १२ ऑक्टोबर २०१४, दुपार.

लिहून देणार: एमेट थ्रॅशर
साक्षीदार पहिली: ओपल श्रेडर
साक्षीदार दुसरा: मिळाला नाही. कलम चार खोडलं आहे. काकूंनी डबा पिशवीत परत ठेवला, त्याही जेवायला थांबताहेत.