पामर्स्टन नॉर्थचा नर्स

१२ ऑगस्ट २०१७, हॅमिल्टन
हॉल भरला! इथल्या, न्यूझीलंडमधल्या मराठी समलिंगी पुरुषांच्या मुलाखती, त्यांच्याच शब्दांत, खुर्चीवर बसून मी एकटीनं सादर करायच्या. साठीची बाई पुरुषांचं बोलते आहे हे लोक लवकर विसरतात. मकरंदच्या गोष्टीला तर कुणी खोकलंही नाही. जोडीदार वारला, आणि अंत्यविधीला हा 'फ्लॅटमेट' म्हणून मागच्या रांगेत.

मकरंद इथेच फार्मसिस्ट आहे. म्हणून प्रयोगात त्याला पामर्स्टन नॉर्थचा नर्स केला. पत्रकाराची सवय — नाव, गाव, काम बदलायचं.

चहाच्या वेळी मंडळाच्या शकुताई म्हणाल्या, "पामर्स्टनचा मराठी नर्स? अगंबाई, म्हणजे आपला श्याम की!"

कोण श्याम?

१३ ऑगस्ट
आहे. जानेवारीत तिथल्या हॉस्पिटलात नोकरीला लागला. बायको नीता, एक मुलगी. त्या गावात मराठी पुरुष नर्स हा एकच. आयुष्यभर बातम्या तपासल्या, आणि एक फोन करून हे विचारलं नाही!

१५ ऑगस्ट
श्यामचा फोन. "ताई, आपण कधी भेटलोय का?" नाही. "मग हेच नीताला सांगा."

"तो श्याम नव्हे," मी तिला म्हटलं.

"मग कोण?"

"नाव देता येत नाही."

"वा! माझ्या सासूबाईंपर्यंत नाशिकला पोचलं, आणि तुम्हाला नाव देता येत नाही."

मागे मुलगी इंग्रजीत विचारत होती, टेडी बॅगेत ठेवू का म्हणून.

१६ ऑगस्ट
नीता मुलीला घेऊन पोरिरुआला, भावाकडे गेली.

१७ ऑगस्ट
मकरंदकडे खुलासा लिहून नेला, बिननावाचा. त्यानं वाचला. "ताई, लोक म्हणतील, श्यामला वाचवताय." खरं होतं. त्याचं नाव जाहीर करू का, असं विचारायचं नाही हे ठरवून गेले होते. विचारलं नाही. पण उठलेही नाही.

तो बराच वेळ धुतलेलेच कप परत धूत राहिला. मग म्हणाला, "आज आईला सांगतो. दुसऱ्या कुणाकडून कळायला नको. शनिवारी पोरिरुआला जाऊ. तो मी, असं मीच सांगेन नीताला. गाडी मात्र तुम्ही चालवा."

१८ ऑगस्ट
मकरंदच्या आईनं ऐकून घेतलं आणि फोन ठेवला. नंतर उचललाच नाही. "आता तर जायलाच हवं," म्हणाला.

१९ ऑगस्ट, टायहापे
पोरिरुआच्या वाटेवर पेट्रोल भरत होते तेवढ्यात श्यामचा फोन. म्हटलं, तो माणूस स्वतः येतोय, नीताला सांगायला.

श्याम म्हणाला, "नका आणू त्याला. ती गोष्ट माझी नाहीच, ताई. पण काल नीतानं विचारलं, 'गोष्ट राहू दे. तू तसा आहेस का?' मी हो म्हणालो."

मकरंदनं गाडीची काच खाली केली. "निघायचं ना?"